तिलोस, लोकसंख्या साडेसातशे

ग्रीसच्या रोड्स बेटाच्या बंदरातनं कॅटामरान, म्हणजे जोडतळाची वेगवान बोट, सुटते तेव्हा गच्च भरलेली असते, पण त्यातले तिलोसला उतरणारे किती म्हणाल तर थोडेच, बाकी सगळे पुढे कोसला नाहीतर अजून कुठेतरी निघालेले. बोट धक्क्याला लागते, मागचा रॅम्प खाली येतो, माणसं उतरतात, भाजीचे क्रेट उतरतात, कुणाचं तरी वॉशिंग मशीन उतरतं, आणि तुम्ही बॅगेचं हॅन्डल ओढून बाहेर काढेपर्यंत बोट वळून निघालेली पण असते.

हे लिवादिया, तिलोसचं बंदर. बेटावर नांदती गावं म्हणाल तर मोठी दोनच, एक हे आणि दुसरं आत डोंगराच्या उतारावरचं मेगालो होरिओ, बाकी इकडेतिकडे थोडी घरं. बेट दोदेकानीज द्वीपसमूहातलं, कोस आणि रोड्सच्या मधलं, हवा स्वच्छ असेल तर समोर तुर्कस्तानचे डोंगर दिसतात. क्षेत्रफळ साठ-एक चौरस किलोमीटर, माणसं साडेसातशेच्या आसपास, तीही कागदोपत्री, थंडीत याहून कमी. विमानतळ नाही. आपल्याकडनं ग्रीसला जाणारी मंडळी बहुतेक सँटोरिनी-मिकोनोस करून येतात, निळ्या घुमटासमोर फोटोसाठी रांग लावतात, ज्याची त्याची हौस, पण ज्याला सकाळी उठल्यावर आज काय काय बघायचंय ही लिस्टच नकोय त्याने हे बेट मनावर घ्यावं.

किनारा इथे वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. करडे-पांढरे गुळगुळीत गोटे, लाट मागे सरकते तेव्हा एकमेकांवर घासून खळखळतात, आणि दुपारी असे तापतात की अनवाणी चार पावलं टाकायची सोय नाही, तेव्हा रबरी बूट आणाच. किनाऱ्याला लागून चालायचा रस्ता, झाऊची झाडं, झाडाखाली टॅव्हर्नाची, म्हणजे ग्रीक खानावळीची टेबलं. टेबलावर कागद अंथरतात आणि त्याच्या कडांना क्लिपा लावतात, कारण वारा कागद उडवून नेतो, मग ब्रेडची टोपली येते, पाण्याची बाटली येते, आणि मग बराच वेळ कुणीच येत नाही. चिडू नका. तुम्हाला टेबलावरनं उठवायची इथे कुणाला घाई नसते, बिलसुद्धा तुम्ही मागितल्याशिवाय आणत नाहीत. दुपारी दोन-अडीचनंतर दुकानं बंद, रस्त्यावर मांजरं सोडली तर कुणी नाही, संध्याकाळी परत सगळं उघडतं आणि मग रात्री दहाला पण लहान पोरं सायकली फिरवत असतात.

आता ही शांतता आली कुठनं? कारण ही काय निसर्गाची देणगी वगैरे नाहीये. लिवादियाच्या वर चढून गेलात की मिक्रो होरिओ लागतं. मिक्रो होरिओ म्हणजे छोटं गाव, मेगालो होरिओ म्हणजे मोठं गाव, नावं ठेवताना फार डोकं चालवलेलं नाही. तर हे छोटं गाव पूर्ण रिकामं आहे. दगडी घरं, भिंती उभ्या, छप्पर नाही, चुलीची जागा दिसते, भिंतीतले कोनाडे दिसतात, आत अंजिराची झाडं उगवलीयत, आणि मधोमध एक चर्च तेवढं पांढरं रंगवून ठेवलेलं. कोकणात फिरलेल्याला बंद घरांची सवय असते, पण तिथे निदान कुलूप असतं, गणपतीला कुणीतरी येऊन उघडतं. इथे दारच नाही. असं सांगतात की लोकांनी जाताना छपराची लाकडं पण काढून खाली नेली, नवीन घरांना लागली म्हणून.

का गेले? पूर्वी समुद्रावर चाच्यांची भीती, म्हणून गाव समुद्रावरनं दिसणार नाही असं आत डोंगरात वसवलेलं. ती भीती गेली, बोटी नियमित यायला लागल्या, काम सगळं बंदरावर, मग रोज डोंगर कोण चढणार. त्यात 1912 पर्यंत इथे ऑटोमन राज्य, मग इटालियन, मग महायुद्ध, आणि 1948 मध्ये दोदेकानीज बेटं रीतसर ग्रीसमध्ये आली तोवर कित्येक घरातली पोरं अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला नाहीतर रोड्सला पोटामागे गेलेली. 1960 च्या दशकात मिक्रो होरिओ पार ओस पडलं. डोंगरावर बघा, उतारावर आडव्या रेघा दिसतात ना, त्या शेतीच्या ताली आहेत, दगड रचून रचून केलेल्या, एकेकाळी तिथे धान्य व्हायचं, आता तिथे बकऱ्या फिरतात. म्हणजे आपण ज्याला शांत बेट म्हणून पैसे देऊन येतो ते अर्धं तरी लोक उठून गेले म्हणून शांत आहे, हे एकदा लक्षात आलं की फोटो काढताना हात जरा सावकाश चालतो.

गंमत अशी की उन्हाळ्यात याच ओसाड गावात रात्री बार चालतो. एक घर दुरुस्त करून केलेला. आजूबाजूच्या पडक्या घरात दिवे लावलेले, त्यामुळे लांबनं वाटतं गाव परत नांदायला लागलं, रात्री उशिरा लिवादियातनं गाडी वर घेऊन जाते. मला हे आधी ऐकून विचित्र वाटलेलं, गेल्यावर नाही वाटलं.

लिवादियाहून मेगालो होरिओकडे बस जाते, नगरपालिकेची, तिच्या रस्त्यावरच खार्कादिओची गुहा आहे. 1971 मध्ये तिथे हत्तींची हाडं सापडली. तीही बुटक्या हत्तींची. प्राध्यापक निकोलाओस सिमेओनिदिस आणि त्यांच्या लोकांनी वर्षानुवर्षं तिथे खोदकाम केलं, हजारो हाडं निघाली. आता एवढ्याशा बेटावर हत्ती आला कुठनं? हत्ती पोहतो, आणि चांगला लांबवर पोहतो. आशिया मायनरच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरनं, समुद्राची पातळी खाली होती तेव्हा, मोठे हत्ती पोहत आले आणि अडकले. बेटावर चारा मोजका, वाघ-सिंह कुणी नाही, मग मोठ्या अंगाचा उपयोग काय, पिढ्यानपिढ्या ते लहान होत गेले, होता होता माणसाच्या उंचीएवढे, काही तर त्याहूनही कमी. शास्त्रीय नाव पॅलिओलॉक्सोडॉन तिलिएन्सिस, बेटाच्या नावावरनंच. ते नक्की कधी संपले यावर संशोधकांचे वाद आहेत, पण युरोपातले शेवटचे हत्ती म्हणून यांचंच नाव घेतात. गुहेत आत सोडत नाहीत, हाडं म्युझियममध्ये बघायची.

मेगालो होरिओच्या डोक्यावर किल्ला आहे, सेंट जॉनच्या नाईट्सच्या, म्हणजे मध्ययुगातल्या लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या काळातला, आणि त्याच्याखाली त्याहून जुन्या अक्रोपोलिसचे, म्हणजे प्राचीन ग्रीक गढीचे दगड. चढण खडी आहे, सकाळी लवकर जा, पाणी न्या, वर सावली नाही. आणि हो, इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातली कवयित्री एरिन्ना, ती याच बेटाची असं मानतात. मैत्रीण वारली म्हणून तिने तीनशे ओळींची कविता लिहिली आणि स्वतः एकोणिसाव्या वर्षी गेली. कवितेचे तुकडे 1928 मध्ये इजिप्तमध्ये एका पपायरसवर सापडले. बाकी फारसं काही हाती नाही.

तर लोक गेले म्हणून अर्धी शांतता. उरलेली अर्धी जे मागे राहिले त्यांनी ठरवून ठेवलीय. 1993 मध्ये बेटावर शिकारीला बंदी घातली. ग्रीक खेड्यात शिकार म्हणजे पुरुषमंडळींचा जीव की प्राण, तिथे बंदी घालणं म्हणजे मतं घालवणं, तरी घातली आणि टिकली. त्यामागे नाव येतं तासोस अलिफेरिस यांचं, पेशाने डॉक्टर, पुढे महापौर. आज तिलोस पक्षी बघणाऱ्यांना माहीत आहे ते त्यामुळे, बोनेलीचा गरुड, उन्हाळ्यात एलिओनोराचा ससाणा, रात्री छोट्या घुबडाची एकसुरी शीळ ऐकू येते, तीच तीच, मोजून ठेवल्यासारखी. याच अलिफेरिस यांनी जून 2008 मध्ये टाउन हॉलमध्ये दोन समलिंगी जोडप्यांची लग्नं लावली, ग्रीसमधली पहिली. कायद्यात फक्त दोन व्यक्ती असं लिहिलंय, स्त्री-पुरुष असं कुठे लिहिलंय, असा मुद्दा. कोर्टाने ती लग्नं पुढे रद्द केली. ग्रीसच्या संसदेने समलिंगी लग्नांचा कायदा केला फेब्रुवारी 2024 मध्ये. तोपर्यंत अलिफेरिस हयात नव्हते.

विजेचं पण तसंच. पूर्वी वीज कोसवरनं समुद्राखालच्या केबलने यायची, आणि उन्हाळ्यात ऐन गर्दीत जायची, फ्रीजमधला माल खराब व्हायचा. मग युरोपियन युनियनच्या पैशातनं इथे एक 800 किलोवॅटची पवनचक्की, 160 किलोवॅटचं सोलर आणि मोठ्या बॅटऱ्या बसवल्या, वारा असताना साठवायचं नसताना वापरायचं, वर जास्त झाली तर कोसकडे पाठवायची. 2017 मध्ये त्याला युरोपियन पुरस्कार मिळाला. एकच पवनचक्की, डोंगरावर दिसते, कुणाला ती खटकते, मला नाही खटकली, जनरेटरच्या धुरापेक्षा परवडली.

आणि कचरा. हे तुम्हाला रूमवर पोचल्यापोचल्या कळतं कारण हॉटेलवाली बाई चावी देतानाच पिशव्या दाखवते, ही ओल्याची, ही रिसायकलची, ही बाकीच्याची. रस्त्यावरच्या कचराकुंड्या 2021 च्या आसपास काढून टाकल्या, पिशव्यांवर क्यूआर कोड, गाडी दारात येऊन उचलते, कुणी काय टाकलं त्याची नोंद होते. पहिल्या दिवशी कंटाळा येतो. मग सवय होते, किनारा बघून कारण पण कळतं.

करायचं काय मग? पोहायचं. लिवादियाहून तासाभराच्या पायवाटेवर लेथ्रा, बऱ्याचदा तुमच्याशिवाय कुणी नसतं, वाटेवर ओरेगानो आणि थाइमची झुडपं, पाय लागला की वास वर येतो. एरिस्तोस मोठा किनारा, तिथे तंबू टाकून राहणारे पण असतात. प्लाकाला निलगिरीची झाडं आणि झाडाखाली मोर, हो मोर, नाचत नाहीत, पर्यटकांच्या डब्यावर लक्ष ठेवून असतात. 27 जुलैला आयोस पांतेलेइमोनासच्या मठाचा सण, मठ पश्चिमेच्या टोकाला कड्यावर, तेव्हा परदेशी गेलेली तिलोसची माणसं पण येतात, जेवण, वाद्यं, रात्रभर नाच. शांतता हवी असेल तर नेमकं तेव्हा जाऊ नका, किंवा नेमकं तेव्हाच जा.

खायला बोकडाचं मटण, टोमॅटोत तासन्तास शिजवलेलं. शाकाहारी असाल तरी हाल नाहीत, येमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, रेवीथिया म्हणजे ओव्हनमध्ये शिजवलेले चणे, फावा म्हणजे डाळीचं घट्ट वरण, उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू आणि ऑलिव्ह ऑइल. तिखट मात्र विसरा, चटणीची डबी घेऊन जा.

आता जायचंच असेल तर शेंगेन व्हिसासाठी लवकर हालचाल करा, सीझनला अपॉइंटमेंट मिळता मिळत नाहीत. मे-जून किंवा सप्टेंबर धरा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडनं मेल्तेमी वारा सुटतो, दिवसेंदिवस चालतो, आधी कॅटामरान रद्द होते, जोर वाढला की मोठी फेरी पण कोस्ट गार्ड सोडत नाही. म्हणून परतीचं विमान बोटीच्याच दिवशी घेऊ नका, मध्ये एक रात्र रोड्सला ठेवा. बोट येणार की नाही ते ॲपवर बघत बसण्यापेक्षा धक्क्याजवळच्या कॅफेत विचारा, त्यांना आधी कळतं. आणि नाही आली तर ऑगस्ट नसेल तोवर रूम अजून एक रात्र मिळते, हॉटेलवाली बाई हसते आणि चावी परत हातात ठेवते, पिशव्यांसकट.