राहत्या गाडीला तोरण

[पडद्यावर: उदगीर. घराचं अंगण, चिंचेखाली जुनी मिनीबस, मागचं दार उघडं. आत शिलाई मशीनचा आवाज.]

लुगडं फाटतं ते मधून. बसता-उठता जिथं ताण येतो, तिथलं सूत आधी विरतं. काठ मात्र तसाच राहतो. इरकलीच्या काठाची वीण दाट, त्यात बहुतेकदा रेशमाचा ताणा, म्हणजे उभे धागे. अंगाचं कापड चाळणी झालं तरी काठ दोन्ही हातांनी ओढून बघा, दाद देणार नाही.

मराठवाड्यात घरोघरी ट्रंकेच्या तळाशी अशी लुगडी सापडतात. आजीचं, पणजीचं. नेसवत नाहीत आणि टाकवत नाहीत. पुष्कळांची गोधडी होते. या अंगणात त्यांच्या पताका होताहेत, एका गाडीसाठी.

गाडी म्हणजे जुनी मिनीबस. बाकं निघाली, तिथं पलंग आला, कोपऱ्यात हातभर ओटा आला, खिडक्यांना पडदे आले. निवृत्त शिक्षक नवरा-बायको हिच्यातून फिरणार आहेत. असा बदल करायचा तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते, ते काम आधी उरकायचं. कापडाला मंजुरी लागत नाही. म्हणून खरी हौस इथून पुढे सुरू होते.

[पडद्यावर: मशीनवर बसलेल्या मावशी. मांडीवर मरून काठ.]

गल्लीत ब्लाऊज शिवणाऱ्या मावशींना या शिक्षिका बाईंनी बोलावलं, आणि मावशींनी पहिलं काम केलं ते लुगड्याचे दोन्ही काठ अखंड उतरवून घेण्याचं. पताका ज्या पट्टीवर टाचतात ती पट्टी बाजारातून आणावीच लागली नाही. नऊवार म्हणजे 27 फूट. गाडीची आतली लांबी दहा फूट, बांधायला दोन्हीकडे फूट-फूट सोडलं तर माळ बारा फुटांची. एका काठात दोन माळा निघतात आणि वर तीन फूट उरतं.

"काठाला काय होत न्हाई बगा, बाई. आमच्या मायच्या लुगड्याचा काठ अजून पाळण्याला हाय," मावशी सांगतात. हात थांबत नाहीत.

अशा सजावटीला जगभर शॅबी शिक म्हणतात. रंग उडालेलं लाकडी सामान, धुऊन धुऊन फिकट पडलेली फुलाफुलांची सुती कापडं, लेस, क्रोशा. 1980 च्या दशकात ही शैली नावारूपाला आली. रेचल ॲशवेल या इंग्रज बाईंनी 1989 मध्ये कॅलिफोर्नियात, सांता मोनिकाला याच नावाचं दुकान काढलं आणि ती घराघरांत गेली. पण ज्या फुलांच्या छिटांवर, म्हणजे छापील सुती कापडांवर, या शैलीचा सगळा डोलारा उभा आहे, ती छिटं पहिल्यांदा युरोपात गेली ती इकडूनच. 17व्या शतकात गोवळकोंड्याच्या राज्यातल्या मच्छलीपट्टण बंदरातून ती जहाजानं जायची. पुढं हिंदुस्थानी कापड तिकडं इतकं खपायला लागलं, की आपले विणकर वाचवायला ब्रिटननं 1721 मध्ये कायदा करून छापील सुती कापड वापरण्यावरच बंदी आणली.

तेव्हा या शैलीपुढं बिचकायचं कारण नाही. क्रोशाचे रुमाल आपल्याकडे रुखवतात मांडले जायचे, रेडिओवर आणि पुढं टीव्हीवर पसरले जायचे. दाराला मण्यांचं तोरण असायचं. ते सगळं आज माळ्यावर पडून आहे. नवं कापड चहाच्या पाण्यात बुडवून जुनं करायची एक युक्ती सर्रास सांगितली जाते. ती मला अजिबात पटत नाही. वापरानं आलेला फिकटपणा एकसारखा नसतो. घडीवर रंग उडतो, घडीच्या आत तो शाबूत राहतो. हे चहाला जमत नाही.

[पडद्यावर: लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा त्रिकोण, त्याभोवती खडूची रेघ.]

साचा लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचा. पाया सहा इंच, उंची आठ इंच. दोन पताकांमध्ये दोन इंच जागा सोडली की दहा फुटांत पंधरा पताका बसतात. कापताना साचा एकदा सुलटा, एकदा उलटा ठेवायचा, म्हणजे त्रिकोणाला त्रिकोण खेटतो आणि चिंधी फार उरत नाही. शिलाईला पाव इंच सगळीकडून वाढवून घ्यायचं, हे शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

आता जरा जवळून बघा. त्रिकोणाच्या दोन्ही तिरप्या कडा कापडाच्या धाग्याला तिरक्या जातात, म्हणून त्या ओढल्या की ताणतात. जुन्या लुगड्याचं कापड तर आधीच मऊ. ते एकटं लावलं तर महिनाभरात पताकेचं टोक वाकडं होतं. मावशी मागे मांजरपाट घेतात. सुलट बाजू आत ठेवून दोन तिरप्या कडा शिवायच्या, टोकाशी शिलाईपलीकडचं कापड कात्रीनं छाटायचं, मग उलटवून उलथन्याच्या दांड्यानं टोक बाहेर काढायचं. ते छाटलं नाही तर टोकाशी गाठ बसते आणि पताका बोथट दिसते. सगळ्या कामाचा देखणेपणा त्या एका कात्रीच्या टिचकीवर आहे.

रंगांची निवड बाईंनी केली आणि ती नेमकी झाली. इरकलीचा मरून, खणाचा हिरवा आणि जांभळा, मध्येच धुवट पांढरी धोतराची पताका, म्हणजे डोळ्याला विसावा मिळतो. मधोमध एकच पताका हिमरूची. हिमरूत ताणा सुती आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, रेशमी असतो. छत्रपती संभाजीनगरात ही कला मध्ययुगापासून आहे. 1327 च्या सुमाराला मुहम्मद तुघलकानं राजधानी देवगिरीला आणली, तेव्हा कारागीर सोबत आले असं सांगतात. हिमरूची पताका धुवायची नाही, नुसती झटकायची.

पैठणी मात्र कापू नका. जुनी जरीची वस्त्रं जाळून चांदी काढून घ्यायची चाल होती, त्यात कितीतरी पदर गेले. वाचलेला पदर कात्रीखाली आणायला मन धजू नये. आखाच्या आखा पलंगाच्या डोक्याशी लावला तर तो सगळ्या गाडीला पुरून उरतो.

[पडद्यावर: आठवडी बाजार. पोळ्याचं सामान, गोंड्यांचे झुबके.]

पताका झाल्या. माळांसाठी मात्र मराठवाड्याला दुसऱ्या कुणाकडे बघायची गरजच नाही. पोळ्याच्या आठवड्यात इथल्या बाजारात उभं राहावं. माथोट्या, म्होरक्या, कासरे, घुंगरमाळा, झुली, गोंडे. श्रावण अमावास्येच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू वाहिलेला खांदा हळद आणि तूप लावून मळायचा आणि बैलाला म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी शिंगं रंगतात, बेगड चढतं आणि बैल वाजतगाजत वेशीकडं निघतात. जे चालतं, जे आपलं ओझं वाहतं, त्याला सजवायचं, ही इथली जुनी रीत आहे. चाकावरच्या घराला गोंडे बांधणारी ही बाई तेच करते आहे.

वेशीत तोरण बांधलेलं असतं. मानाच्या बैलाचा मान झाला की ते तुटतं आणि गाव म्हणतं, पोळा फुटला. एवढ्या मेहनतीनं बांधलेलं तोरण तोडण्यासाठीच असतं, याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे. गाडीतली माळही वर्षाच्या वर्षाला नवी करावी, असं मी या बाईंना सुचवलं. त्यांनी ते मानलं.

पूर्वी हे सामान अंबाडीच्या आणि घायपाताच्या वाखाचं असे. दोर वळायची कला पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजानं सांभाळली. आता बाजारात नायलॉन आणि प्लास्टिक जास्त. पण वाख अजून मिळतो आणि फिकट कापडाशेजारी त्याचा मातकट पिवळा रंग जसा खुलतो तसा कोणताच नायलॉन खुलत नाही.

गोंडा करायला पाच मिनिटं पुरतात. लोकर किंवा सूत चार बोटांभोवती गुंडाळायचं, चाळीस-पन्नास फेरे. वरच्या अंगाला दोरा ओवून घट्ट गाठ, खालच्या अंगाला कात्री. मानेशी दुसऱ्या रंगाचा दोरा सात-आठ वेळा आवळला की गोंड्याला डोकं येतं. गोंडा, मग लाकडी मणी, मग गुंडाळलेल्या चिंधीची गोळी, पुन्हा गोंडा. पताकांसाठी कापलेल्या कापडाच्या चिंध्या इथं कामी येतात. मावशींच्या मशीनखाली काहीही उरलेलं नाही.

[पडद्यावर: किनवटकडचा तांडा. हातात कवड्या-आरशांचं भरतकाम.]

चाकाआधी पाठीवरचं घर होतं. बंजारा समाजाची लदेणी, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून चाललेला तांडा, शतकानुशतकं दख्खनच्या वाटांवरून जात असे. पुढं चालणारा बैल कवड्यांनी, आरशांनी मढवलेला असायचा. 19व्या शतकात रेल्वे आणि पक्के रस्ते आले, मालाची वाहतूक गेली, तांडे स्थिरावले. किनवट, माहूर, हिंगोली, जिंतूर या भागात ते आजही आहेत. सुईतलं कसब त्यांनी सोडलेलं नाही. फेटिया म्हणजे घागरा आणि कांचळी म्हणजे चोळी, त्यांवरचे आरसे, कवड्यांनी भरलेली चुंबळ बघा. राहत्या गाडीला आरशांची माळ हवी असेल तर ती तांड्यातल्या बाईकडूनच करून घ्यावी आणि ती सांगेल ती मजुरी द्यावी. घासाघीस करून घेतलेली माळ गाडीत टांगायला मला तरी संकोच वाटेल.

आरशांची माळ मागच्या बाजूला. पुढं लावली तर ऊन परतून चालवणाऱ्याच्या डोळ्यांत येतं.

आणि कवडी. तुळजाभवानीच्या आराधींच्या गळ्यातली कवड्यांची माळ ही देवीची माळ आहे. ती विकत आणून सजावटीला टांगू नये. सुट्या कवड्या घ्या, गोंड्यात ओवा, त्याला हरकत नाही. तुळजापूर जवळ असलेल्या मुलखात हा फरक सगळ्यांना कळतो.

एक गोष्ट मनात घोळत राहते. बीड, धाराशिव, जालना इथून दरवर्षी लाखो माणसं दसरा-दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात. त्यांचंही घर चाकावर असतं. बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, लेकरं. फडाजवळ पाचटाची कोपी, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांची झोपडी. त्यांच्या गोधडीवरची ठिगळं हौसेची नाहीत. म्हणून या गाडीत कुणाच्या गरिबीची नक्कल नको. जे टांगायचं ते आपल्या घरातलं असावं, नाहीतर पूर्ण दाम मोजून घेतलेलं असावं. बाईंनी वापरलेलं प्रत्येक लुगडं त्यांच्या आजीचं किंवा सासूचं आहे. कुठलं कोणाचं ते त्या पताकेच्या मागे मांजरपाटावर धावदोऱ्यानं लिहिताहेत.

[पडद्यावर: गाडीच्या आत. पत्र्याला चिकटलेली लोहचुंबकं, त्यावरून जाणारी माळ.]

टांगण्याचं काम सोपं आहे. पत्र्याला भोक पाडू नका, पावसात तिथूनच पाणी येतं आणि गंज धरतो. आकडा असलेली छोटी लोहचुंबकं रंगवलेल्या पत्र्यावरही घट्ट बसतात. लांब माळेला मध्ये एक-दोन चुंबकं जास्त, नाहीतर खड्ड्यात ती खाली येते. ओट्याच्या वर काहीच टांगायचं नाही. सूत भडकतं, आणि नायलॉन तर वितळून ठिबकतं, ते जास्त वाईट. चालकाच्या काचेसमोर माळ नको. बाहेरच्या पताका मुक्कामावरच बांधायच्या, गाडी निघाली की उतरवायच्या.

आणि ऊन. मे महिन्यात इथला पारा 42-43 अंशांवर जातो, उभ्या गाडीचा पत्रा तव्यासारखा तापतो. खिडकीकडची पताका एका उन्हाळ्यात विटते. तिथं आधीच फिकट असलेलं कापड लावा. लाल आणि मरून कापड पताका करण्याआधी मिठाच्या पाण्यात भिजवून रंग जातो का बघा, नाहीतर पहिल्याच पावसाच्या ओलीनं शेजारची पांढरी पताका गुलाबी होईल.

[पडद्यावर: उदगीर. खादी केंद्रातला हातमाग.]

याच उदगीरला नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं केंद्र आहे. राष्ट्रध्वजासाठीची खादी इथं विणली जाते. पताका शिवणाऱ्याला हे माहीत असावं, कारण 15 ऑगस्टच्या आसपास तिरंगी पताका गाडीला लावायचा मोह सगळ्यांनाच होतो. भारतीय ध्वजसंहिता 2002 नुसार राष्ट्रध्वज तोरण किंवा पताका म्हणून, कुठल्याही सजावटीसाठी वापरता येत नाही. मोटारीवर तो लावण्याचा अधिकारही ठरावीक पदांवरच्या व्यक्तींनाच आहे.

बाईंनी त्या दिवसासाठी वेगळी माळ करायला घेतली आहे. सगळ्या पताका पांढऱ्या, हातसुताच्या खादीच्या, आणि पट्टी सासूबाईंच्या लुगड्याच्या हिरव्या काठाची. मावशी आता तिचीच टोकं उलटवत बसल्या आहेत.