जुना टर्बो घेताय? आधी शाफ्टला हात लावा

नमस्कार मंडळी, बडोद्याहून. टेबलावर आहे तो आयएस ३८, फोक्सवॅगन गोल्फ आरमधून उतरवलेला जुना टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २३०ला कंपनीकडून याहून लहान आयएस २० आलेला असतो, त्यामुळे आपल्याकडच्या आरएसवाल्यांचा याच्यावर डोळा असतो. नवा परवडत नाही, म्हणून जुना. त्यात गैर काही नाही, पण विकणाऱ्याच्या फोटोवर ॲडव्हान्स देऊ नका. टर्बो हातात घ्या.

कॅमेरा जवळ घेतो. हा कॉम्प्रेसरचा पंखा. मधला नट दोन बोटांत धरून वरखाली हलवा. जरासा हलतो, दिसलं? चालतं. हा शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो, आत तेल नसलं की एवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, येणारच. पातं हाउसिंगला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, घासता कामा नये, एवढंच. आता आत-बाहेर ढकला. इथे बोटाला टकटक जाणवली, तर थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला आत-बाहेर सरकू न देणारं) गेलं समजा आणि सौदा सोडा. मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेणारी वस्तू आहे ही!

मग मोबाईलचा टॉर्च मारा. पात्यांच्या कडा झिजल्यात म्हणजे गाडी धड फिल्टरशिवाय पळाली आहे. तेलाच्या भोकात कडक काळा थर बसलाय? तापलेलं इंजिन झटकन बंद करायची सवय होती. मागे वेस्टगेटची, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी, झडप हलवून बघा, आणि तिच्या बैठकीला तडा आहे का तेही.

आणि विचाराच: टर्बो का उतरवला? इंजिन फुटलं म्हणून उतरवला असेल, तर धातूचा कीस बेअरिंगमधून गेलेला असतो. वरून टर्बो कितीही चकाचक असो, मी तो घेणार नाही. कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट-बेअरिंगचा मधला भाग, बदललंय म्हणाले, तर हाय-स्पीड बॅलन्सिंगचा रिपोर्ट मागा. इथल्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लेथवाले भरपूर, पण हे लेथवर होणारं काम नव्हे.

आता साइज. मे महिन्यात इथे ४२ अंश असतात. ती हवा १ बार बूस्टला, म्हणजे टर्बोच्या जादा दाबाला, दाबली, कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला, तरी इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) आधी ती १४० अंशांवर जाते. लहान टर्बो ताणला की कार्यक्षमता घसरते, हवा आणखी तापते, नॉकिंग, म्हणजे सिलेंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका, सुरू होतं. फार मोठा घेतला तर शहरात बूस्ट येईपर्यंत सिग्नल लागतो. म्हणून इंटरकूलरचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात टर्बो बघा. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आणि तुमची विमा पॉलिसी, दोन्ही वाचून मगच हात घाला.

बसवताना ऑइलची फीड पाइप नवीच घ्या. तिथे सिलिकॉन लावू देऊ नका, तुकडा सुटला तर तेलाची वाट बंद होते. पहिल्या स्टार्टआधी टर्बोत स्वच्छ ऑइल ओता आणि पंखा हाताने फिरवा. मग इंधन बंद ठेवून स्टार्टर मारा, ऑइल प्रेशर येईपर्यंत.