दुधाच्या हिशोबात ताप

ठाणे पूर्व, कोपरी. हे माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरातलं कॅलेंडर. चौकटीत लिहिलंय तो दुधाचा हिशोब, एक लिटर, अर्धा लिटर, आणि जुलैपासून त्याच्याच खाली बारीक अक्षरात 101, 101.6, 102.

आता पावसाळ्यात ठाण्यात ताप आला की आपण सगळेच डॉक्टर, मलेरिया असेल, डेंग्यू असेल, साचलेल्या पाण्यातून आलीस ना मग लेप्टोच. टेस्ट सगळ्या झाल्या, सगळ्या निगेटिव्ह. तीन आठवड्यांच्या वर असा ताप येत राहिला आणि कारण सापडलं नाही की त्याला पीयूओ म्हणतात. नाव मिळालं, फाइल जाड झाली, ताप तिथेच.

खरं तर खूण रिपोर्टमध्येच होती. डेंग्यूत प्लेटलेट्स पडतात, हिच्या उलट चढून साडेपाच लाख. सीआरपी, ईएसआर हे शरीरातला दाह दाखवणारे आकडे चढलेले, हिमोग्लोबिन 9. मधूनच धडधड, डोकं ठणकायचं, गाऊन पिळून काढावा इतका घाम. एकदा नेमकं तेव्हा बीपी घेतलं तर वरचा आकडा 210, अर्ध्या तासाने 130, आणि आम्ही काय केलं तर मशीनचे सेल बदलले.

शेवटी टीबी शोधायला सीटी स्कॅन काढला आणि डाव्या किडनीच्या डोक्यावर 6 सेंटिमीटरची गाठ दिसली. तिथे ॲड्रिनल ग्रंथी असते, जेमतेम 4-5 ग्रॅमची. ही गाठ म्हणजे फिओक्रोमोसायटोमा, ती मनाला येईल तेव्हा रक्तात ॲड्रिनलिनसारखी हार्मोन्स सोडते, म्हणून ती धडधड, तो घाम. ताप हे काही तिचं नेहमीचं लक्षण नाही, पण यातल्या काही गाठी इंटरल्युकिन-6 नावाचं दाह वाढवणारं रसायन सुद्धा बनवतात, आणि ते मेंदूला ताप चढवायला लावतं, लिव्हरला सीआरपी बनवायला लावतं, प्लेटलेट्स वाढवतं. म्हणजे इन्फेक्शनचा सगळा थाट, जंतू एकही नाही.

अशा गाठीत सुई घालून तुकडा काढत नाहीत, प्रेशर भडकू शकतं. आधी 24 तासांची लघवी साठवायची, त्यात मेटानेफ्रिन, म्हणजे याच हार्मोन्सपासून बनणारे पदार्थ, मोजतात. तो कॅन पिशवीत घालून मी शेअर रिक्षात बसलो तर शेजारच्या काकू विचारतात, ताक कुठून आणलंत? मग एमआयबीजी स्कॅन, अशी गाठ शरीरात कुठे कुठे आहे ते दाखवणारा. त्यासाठी लागणारं किरणोत्सारी आयोडीनचं औषध बनवणारी ब्रिट ही सरकारी संस्था खाडीपलीकडे आपल्या वाशीतच आहे, हे मला तेव्हा कळलं.

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे अल्फा ब्लॉकरच्या गोळ्या, कारण गाठीला हात लागला की हार्मोन्सचा लोंढा येतो. हृदयाचे ठोके कमी करणारा बीटा ब्लॉकर त्याच्या आधी द्यायचा नाही, उलटं होतं, प्रेशर आणखी चढतं. गोळ्यांनी रक्तवाहिन्या सैलावतात, त्या भरायला पाणी भरपूर आणि मीठही जास्त. बीपी म्हणून वर्षभर अळणी जेवलेल्या मावशीने डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं, आणि घरी येऊन आधी लोणच्याची बरणी काढली.

दुर्बिणीतून गाठ काढली, ताप दुसऱ्या दिवशी उतरला तो उतरलाच. आता जीन टेस्ट, कारण हे घराण्यातून येऊ शकतं, त्यामुळे माझ्या मावसभावाचंही रक्त जाणार आहे.

नोव्हेंबरचं पान. एक लिटर, एक लिटर, अर्धा, 12 तारखेला खाडा.