आवाज नेमका कुठला?

(सकाळ. भूगावच्या रस्त्यालगतचे गॅरेज. शटर वर सरकते.)

पुण्याचा चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याने मुळशीकडे निघाले की भूगाव लागते. येथील गॅरेजात आज उभी असलेली ही गाडी वीस वर्षांची आहे. ती फोर बाय फोर आहे, म्हणजे तिच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येते. खाली जाड चासी, पुढे आणि मागे अखंड अॅक्सल आणि त्यांवर कमानपाटे, अशी तिची जुन्या पद्धतीची बांधणी आहे. गेल्या तीन महिन्यांपासून तिच्यातून एक बारीक, लांबणारा सूर येतो आहे. ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास तो उमटतो आणि ६० ला असा चढतो की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणेही नकोसे होते.

या तीन महिन्यांत मागच्या दोन्ही चाकांची बेअरिंगे बदलून झाली, चार नवे टायर आले, गिअरबॉक्सचे तेलही बदलले. सूर होता तेथेच आहे. येथील मिस्त्रींनी ती बिले शांतपणे बाजूला ठेवली आणि मालकांना एकच प्रश्न विचारला : "साहेब, आवाज अॅक्सिलरेटरचे पेडल दाबल्यावर जास्त येतो, की सोडल्यावर?" तीन महिन्यांत हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच विचारला गेला होता.

(मिस्त्री बॉनेट उघडतात. इंजिन सुरू होते.)

पहिली कसोटी गाडी उभी असतानाच होते. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून मिस्त्री इंजिनाचे फेरे हळूहळू वाढवतात. अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप किंवा पट्ट्याची पुली कुरकुरत असती, तर तो आवाज उभ्या गाडीतही इंजिनाबरोबर चढला असता. तसे काही होत नाही. म्हणजे इंजिनाच्या तोंडावरचे सर्व भाग संशयातून सुटले, आणि त्यासाठी एकही नट सैल करावा लागला नाही.

दुसरी कसोटी रस्त्यावरची. काट्यावर ६० दिसत आहेत. आधी चौथ्या गिअरमध्ये, मग त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये. इंजिनाचे फेरे वाढले, त्याची घरघर बदलली, पण तो बारीक सूर तसाच राहिला. जो आवाज इंजिनाच्या फेऱ्यांना जुमानत नाही आणि फक्त गाडीच्या वेगाशी बांधलेला असतो, त्याचे मूळ गिअरबॉक्समधून ताकद बाहेर पडल्यानंतरच्या भागांत शोधावे लागते. पुढच्या-मागच्या अॅक्सलना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस, ती ताकद तिथवर नेणारे प्रोपेलर शाफ्ट, ती डाव्या-उजव्या चाकांना देणारी दोन डिफरन्शियल, चाकांची बेअरिंगे आणि टायर एवढीच यादी आता उरते. पुढे मोकळा रस्ता पाहून मिस्त्री स्टिअरिंग किंचित डावीकडे आणि किंचित उजवीकडे झुलवतात. वळताना गाडीचा भार बाहेरच्या चाकावर जातो, आणि त्या चाकाचे बेअरिंग गेलेले असेल तर आवाज लगेच जड होतो. येथे फरक पडला नाही. काँक्रीटचा पट्टा संपून डांबर लागले तेव्हाही सूर बदलला नाही, म्हणजे टायरही नव्हेत.

(पिरंगुटचा घाट. चढ, मग उतार.)

पुढचे दृश्य पाहताना कान द्यावा, ही विनंती. चढावर पेडल दाबलेले आहे आणि गाडी जवळजवळ गप्प आहे. माथा ओलांडून उतार लागतो, मिस्त्री गिअर तसाच ठेवून पेडलवरचा पाय उचलतात, आणि त्याच क्षणी सूर उमटतो.

या एका बदलात निदानाचे मर्म आहे. डिफरन्शियलमध्ये पिनियन नावाचा लहान गिअर क्राउन नावाच्या मोठ्या गिअरला फिरवतो. इंजिन गाडी ओढत असते तेव्हा पिनियन क्राउनपासून दूर ढकलला जातो, आणि पेडल सोडल्यावर चाकेच इंजिनाला फिरवू लागतात, तेव्हा तोच पिनियन आत खेचला जातो. त्याला धरून ठेवणारी दोन बेअरिंगे घट्ट असतील तर तो दोन्ही वेळी जागचा हलत नाही. ती सैल पडली की पिनियन केसभर सरकतो, दात नको त्या ठिकाणी भिडतात आणि गाऊ लागतात.

हे गाणे मोजताही येते. या गाडीच्या पिनियनला ९ दात आहेत आणि क्राउनला ३७. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर धरला तर ताशी ६० ला चाक मिनिटाला सुमारे ४७६ फेरे घेते, आणि दातावर दात सेकंदाला सुमारे २९० वेळा येतो. कानाला हा स्पष्ट सूर म्हणून ऐकू येतो. प्रोपेलर शाफ्टचा तोल गेला असता तर त्याच वेगाला सेकंदाला ३२-३३ हिसके बसले असते, आणि ते सूर म्हणून नव्हे, तर सीटखालची थरथर म्हणून जाणवले असते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत असे आवाज मायक्रोफोन लावून तपासतात. भूगावात तेच काम वर्षानुवर्षे तयार झालेला कान करतो, आणि त्या कानाची किंमत कोणत्याही बिलात वेगळी लिहिलेली नसते.

प्रश्न एवढाच उरतो : डिफरन्शियल पुढचे की मागचे? या गाडीच्या पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब आहेत. ते मोकळे ठेवले की गाडी टू-व्हील ड्राइव्हमध्ये चालताना पुढचे डिफरन्शियल फिरतच नाही. हब मोकळे असतानाही आवाज येत होता, तेव्हा पुढचे सुटले. मग मागची चाके लोखंडी घोड्यांवर, म्हणजे आधारांवर, उचलून, पुढच्या चाकांना पक्की अडण लावून, मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक आधी ट्रान्सफर केसवर आणि नंतर पिनियनच्या नाकाडावर टेकवले. मूठ कानाला लागलेली आहे. त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर दिसते. (फिरत्या चाकांजवळचे हे काम अनुभवी हातांनीच करावे.)

(क्लोजअप : ग्रीस लागलेला हात, पिनियनचा फ्लँज.)

इंजिन बंद करून, शाफ्ट सोडून, मिस्त्री फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, धरतात आणि वर-खाली हलवतात. टक्, टक्. येथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, अजिबात असता कामा नये. फ्लँजमागचे तेलाचे सील मात्र नवेकोरे दिसते. मालकांना आठवते : पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात, तेल गळते म्हणून, हे सील बदलून घेतले होते.

सील बदलायचे तर पिनियनचा नट काढावाच लागतो, आणि दोन बेअरिंगांच्या मध्ये पातळ पत्र्याची एक नळी असते, क्रश स्लीव्ह. नट आवळला की ती दबते, आणि ती किती दबली यावर बेअरिंगांवरचा ताण ठरतो. एकदा जास्त दबलेली नळी पुन्हा फुलत नाही. तेव्हा जुन्या नटाची जागा खुणावून ठेवावी लागते, ताण मोजावा लागतो. एअर गनने दोन सेकंदांत आवळलेला नट बेअरिंगांना आधी जाळतो, आणि ती झिजली की मग सैल सोडतो. भरावाच्या बोल्टच्या चुंबकावर चिकटलेली ही करडी लापशी त्याच झिजेची आहे.

बेअरिंगे नाना पेठेतून आली. प्रेसवरचे काम दुसऱ्या दिवशी झाले. क्राउन-पिनियनची जोडी कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली असते, त्यामुळे एक बदलला तर दुसराही बदलावा लागतो. येथे सुदैवाने दात शाबूत होते आणि जोडी वाचली.

आता दिसते आहे ते या गॅरेजातले सर्वांत सावकाश काम. नवी स्लीव्ह दाबण्यासाठी मिस्त्री हातभर लांबीच्या पान्यावर सगळे वजन टाकतात, नट जेमतेम सरकतो, आणि ते थांबतात. फ्लँजला गुंडाळलेली दोरी ताणकाट्याने ओढून पिनियन किती जोराने फिरतो ते पाहतात. पुन्हा पाना, पुन्हा दोरी. आवळायला दोन माणसांचे बळ लागते, आणि मिळवायचा असतो तो बोटांनी फिरवता येईल एवढाच ताण. काटा हव्या त्या आकड्याच्या पुढे गेला तर स्लीव्ह फेकून नवी घालावी लागते. मिस्त्रींनी हे नऊ वेळा केले. आम्ही सर्व नऊ वेळा चित्रित केले आहे आणि त्यांतील एकही कापण्याचे मन झाले नाही.

त्यानंतर क्राउनच्या चार दातांना निळा रंग लावून जोडी फिरवली. रंग दाताच्या मध्यावर पुसला गेला, टोकाला नाही आणि मुळाशीही नाही. डायल गेजवर दातांमधला मोकळेपणा ०.१५ मिलिमीटर आला. हायपॉइड जातीच्या या गिअरांत, जे पॅकार्ड या अमेरिकी मोटार कंपनीने १९२६ मध्ये मोटारींत आणले, दात एकमेकांवर घसरत भिडतात. म्हणून त्यांना जीएल-५ दर्जाचे दाब सोसणारे तेल लागते, आणि तेच भरले आहे.

हे वेळेवर सापडले नसते तर पिनियन जाम होऊन मागची चाके चालत्या गाडीत अडकू शकली असती.

(पिरंगुटचा उतार. तोच गिअर. मालक गाडी चालवत आहेत.)

काट्यावर ६० आहेत. पाय पेडलवरून उचलला आहे.