रामेश्वरम: बावीस कुंडं, ओले कपडे आणि धनुष्कोडी

नमस्कार मंडळी. रामेश्वरमच्या बेटाला जोडणारा पांबनचा नवा रेल्वेपूल सुरू झाला आणि माझ्या कमेंट्समध्ये रामेश्वरची रांग लागली. ६ एप्रिल २०२५, रामनवमीला त्याचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून मधला भाग सरळ वर उचलला जातो तो एकच व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर फिरतोय. पुलाकडे येते मी. पण गंमत म्हणजे तुमच्यातल्या बहुतेकांनी पुलाबद्दल विचारलेलंच नाही. विचारलंय काय, तर "ताई, ओल्या कपड्यांत दर्शन घेऊ देतात का?"

नाही देत. झाला व्हिडिओ.

बरं, थांबा. आधी बाकीचं पटकन उरकते. रामेश्वरम हे बेट आहे. मदुराईपर्यंत रेल्वे नाहीतर विमान, पुढे साधारण पावणेदोनशे किलोमीटर. बस, टॅक्सी, रेल्वे, सगळं मिळतं. खोली देवळाच्या पूर्व गोपुराच्या आसपास, अगदी चालत जाता येईल अशी घ्या. "ताई, दोन किलोमीटरवर स्वस्त मिळतंय" असं कुणीतरी लिहिणारच आहे. घ्या खुशाल. मग ओलेत्यानं रिक्षा शोधत फिरा.

आता क्रम सांगते. आधी समुद्र. पूर्व गोपुरासमोरच्या समुद्राला अग्नितीर्थ म्हणतात, तिथं डुबकी मारायची. लाटा फारशा नसतात, त्यामुळे म्हातारी माणसंही सहज उतरतात. तिथून तसंच ओल्या अंगानं देवळाच्या आवारात जायचं आणि बावीस कुंडांचं तिकीट काढायचं. कुंडं म्हणजे बहुतेक विहिरी. कठड्यावर माणूस उभा असतो. तो दोरीचा पोहरा आत सोडतो, एका झटक्यात वर ओढतो आणि तुमच्या डोक्यावर रिकामा करतो. तुम्ही "हर हर" म्हणेपर्यंत मागचा माणूस तुम्हाला पुढच्या विहिरीकडे ढकलतो. महालक्ष्मी, सावित्री, गायत्री, सरस्वती असं करत करत शेवटी कोटितीर्थ. मग कपडे बदलायचे. आणि मग, कोरड्या कपड्यांत, मुख्य दर्शन.

समुद्र, कुंडं, कोरडे कपडे, दर्शन. लोक चुकतात ते तिसऱ्या पायरीला.

कारण घरून निघताना सगळं सुचतं, उदबत्ती, कापूर, बेल, अगदी खोबऱ्याची वाटीसुद्धा. कोरड्या कपड्यांची पिशवी मात्र खोलीवर राहते. माझी आत्या हट्टानं नऊवारी नेसून गेली होती. बावीस पोहरे अंगावर घेतलेलं नऊवारी लुगडं म्हणजे किती वजन, ते ज्यांनी पिळलंय त्यांनाच विचारा. थंडीनं ओठ निळे पडलेले, आणि तशीच ती गाभाऱ्याच्या रांगेकडे निघाली. तिथल्या माणसानं हात आडवा धरला. त्याला मराठी येत नाही, आत्याला तमिळ येत नाही, पण "ओलं चालणार नाही" हे दोघांनाही बरोब्बर कळलं. नशिबानं खोली जवळ होती.

दुसऱ्या बाजूनं सांगते. हा नियम कुणी तुम्हाला छळायला केलेला नाही. तो दगडी प्रदक्षिणामार्ग बघितलाय? दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, बाहेरच्या प्राकारात हजाराहून जास्त खांब, आणि खाली गुळगुळीत दगडी फरशी. कुंडांच्या वाटेवर आधीच पाणीच पाणी असतं. तेच निथळतं पाणी घेऊन हजारो माणसं गाभाऱ्यापाशी गर्दी करायला लागली तर काय होईल, सांगा. कुंडांच्या वाटेवर तर घसरणारा माणूस मी हमखास बघते, आणि तो बहुतेक वेळा धावणारा तरुणच असतो.

मागच्या व्हिडिओखाली एका दादांनी लिहिलं होतं, "भाव असेल तर ओले काय नि कोरडे काय." दादा, भाव पाहिजेच. टॉवेलही पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट, खास बायकांसाठी. कुंडांसाठी गडद रंगाचे, पटकन वाळणारे कपडे घाला. पांढरं नको, जीन्स तर नकोच. कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. कापडी पिशवी आणली तर ती तुमच्याइतकीच भिजते. घरातलं एक माणूस कुंडं करणार नसेल तर पिशवी त्याच्याकडे द्या. पण त्याच्याकडे फोन असणार नाही, हे लक्षात ठेवा. आत फोन नेऊ देत नाहीत, तो बाहेर जमा करावा लागतो. म्हणून भेटायची जागा आधीच ठरवा. "ताई, आतलं दाखवा ना" असं विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर. दाखवायला आत कॅमेराच नसतो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

पहाटे स्फटिकलिंगाचं दर्शन असतं. ज्यांना ते हवंय त्यांनी आधी कोरड्या कपड्यांत ते उरकावं, उजाडल्यावर समुद्र आणि कुंडं, मग पुन्हा कोरडे कपडे. म्हणजे दोन जोड. हो, दोन. दुपारी देऊळ काही तास बंद असतं, तेव्हा सकाळ रेंगाळत घालवू नका.

आता ज्या प्रश्नानं मला खरंच राग येतो तो. "आजीला गुडघ्याचा त्रास आहे, पण कुंडं केली नाहीत तर यात्रा फुकट जाते ना?" कोण सांगतं हे तुम्हाला? एकनाथांनी रामेश्वरासाठी कावडीत आणलेली गंगा वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो, कीर्तनात ऐकतो, आणि तिथं पोचल्यावर आजीच्या गुडघ्यांपेक्षा बावीस हा आकडा मोठा होतो? आजीला स्वच्छ कोरडी साडी नेसवा आणि सरळ दर्शनाला न्या. तिला दोन्ही लिंगांची गोष्ट सांगा. हनुमान कैलासाहून लिंग घेऊन येईपर्यंत मुहूर्त टळत होता, म्हणून सीतेनं वाळूचं लिंग केलं. उशिरा पोचलेला हनुमान हिरमुसला, तेव्हा रामानं सांगितलं, आधी पूजा तुझ्या लिंगाची. आजही हनुमानाच्या त्या लिंगाचा, म्हणजे विश्वलिंगाचा, मान पहिला. आणि गाभाऱ्यात पूजा करणारे पुजारी मूळचे महाराष्ट्रातले, हे कळल्यावर आजीचा चेहरा बघा.

दुपारनंतर धनुष्कोडी, बेटाच्या टोकाचं उद्ध्वस्त गाव. वाटेत कोदंडराम मंदिर लागतं. बिभीषण रामाला इथं शरण आला असं मानतात. १९६४ च्या वादळातही हे देऊळ टिकलं. बाकीचं गाव गेलं. २२ डिसेंबरच्या रात्री समुद्र आत घुसला आणि पांबनहून येणारी पॅसेंजर गाडी माणसांसकट वाहून गेली. त्याआधी इथून बोटीनं थेट श्रीलंकेतल्या तलैमन्नारला जाता यायचं. मद्रासहून गाडीनं यायचं आणि पुढे बोट पकडायची. आता चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत, त्यांच्या दगडांत प्रवाळ स्पष्ट दिसतं. त्या भिंतींवर चढून रील करू नका. एक तर त्या ढासळतायत, आणि दुसरं म्हणजे तिथं माणसं मेलीत हो. जवळच्या झोपड्यांतून मच्छीमार अजूनही राहतात, ते काही तुमच्या फोटोची पार्श्वभूमी नाहीत.

रस्ता अगदी टोकाला, अरिचलमुनईला संपतो. एका बाजूला बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूला मन्नारचं आखात. तिथं पाण्यात उतरू नका. ओढ जबरदस्त असते. अग्नितीर्थाचा शांत समुद्र बघून आलेली माणसं इथंच फसतात. आणि अंधार पडायच्या आत पोलीस सगळ्यांना परत पाठवतात, म्हणून "सूर्यास्त बघून निघू" हा बेत जरा मागे ओढा.

परत येताना कलामसाहेबांचं स्मारक पेइकरुंबूला आहे, आणि त्यांचं घर देवळापासून जवळच, मशीद गल्लीत. गंधमादन टेकडीवर रामाची पावलं आहेत. वेळ असेल तर जा, नसेल तर हळहळू नका.

हां, पूल! जुना पूल १९१४ चा. बोट आली की त्याचा मधला भाग दोन पानांसारखा दोन्ही बाजूंना उघडायचा. नव्याचा भाग सरळ वर जातो. शेजारच्या रस्त्याच्या पुलावरून तो छान दिसतो. गाड्या तिथं मधेच थांबतात आणि मागे हॉर्नचा गोंधळ सुरू होतो, त्यात भर घालू नका. त्यापेक्षा रेल्वेनं या आणि खिडकीत बसा.

शेवटचा प्रश्न, आणि हा मला फार आवडला. "देवघरात आजोबांनी काशीहून आणलेला गंगेचा गडू आहे, झाकण झाळून बंद केलेला. तो अभिषेकाला चालेल का?" चालेल की. तांब्याचा असणार ना? तांब्या-पितळेच्या भांड्यातली गंगा घेतात, लोखंडी किंवा पत्र्याच्या डब्यातली नाही. देवळात अभिषेकाचं तिकीट काढा, गडू त्यांच्याकडे द्या. फक्त तो फोडायला काहीतरी अवजार लागेल, ते इथूनच न्या. आणि प्रयागला न्यायला सेतूची वाळू घेणार असाल तर मूठभर घ्या. मागे एकांनी गोणी भरली होती, आणि ती उचलायला मला हाक मारत होते.