फेडच्या अंगावर लायकाचं नाव

टेबलावर दोन कॅमेरे. दोन्ही काळे, दोन्हींच्या कडांचा रंग उडून खालचं पितळ दिसायला लागलेलं. माथ्यावर नावही एकच, लायका. खरा यातला एकच आहे.

नाव वाचत बसू नका. लेन्सचे आटे उलटे फिरवून ती काढू, आणि आत डोकावू. वरच्या कडेला ही छोटी दांडी दिसते? लेन्स पुढेमागे झाली की दांडी हलते, आणि रेंजफाइंडरमधल्या, म्हणजे अंतर जुळवायच्या खिडकीतल्या, दोन प्रतिमा एकमेकींवर येऊन बसतात. डावीकडच्या कॅमेऱ्यात दांडीच्या टोकाला गोल चाक आहे. बोट लावलं की फिरतं. आता उजवीकडे. चाक नाही. टोक पाचरीसारखं, धातूचं, एकसंध. चाक लायकाचं. पाचर फेडची, नाहीतर झोर्कीची, म्हणजे लायकाच्या सोव्हिएत नकलांची. खोटं नाव कोरणाऱ्यांनी सहसा इतक्या आत हात घातलेला नसतो.

मग हा फेड आला कुठून?

जर्मनीतल्या वेत्झलारच्या लाइट्स कारखान्यानं 1925 मध्ये पहिला लायका बाजारात आणला. रेंजफाइंडर जोडलेला लायका दोन आला 1932 मध्ये. तिकडे सोव्हिएत युक्रेनमधल्या खारकिवला अनाथ, बेघर मुलांची एक वसाहत होती. शिक्षक आंतोन माकारेन्को यांनी चालवलेली. ही मुलं आधी विजेवर चालणारे ड्रिल बनवत. मग लायका दोनची नक्कल करायचं ठरलं, आणि 1934 पासून इथून कॅमेरे बाहेर पडू लागले. वसाहतीला नाव होतं फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की यांचं, सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाचं. त्यांची आद्याक्षरं म्हणजे फेड. गुप्त पोलिसांच्या म्होरक्याचं नाव, आणि हात रस्त्यावरून आलेल्या पोरांचे!

1948 मध्ये मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला याच घडणीचा झोर्की बनू लागला. झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा.

नक्कल होती, हे खरंच. पण ती स्वतःच्या नावानं विकली जात होती. पुढे कुणीतरी तेच नाव घासून काढलं, वर लायका कोरलं, काहींवर जर्मन हवाई दलाचा गरुड, काहींना चक्क सोनेरी मुलामा. घेणारा फसतो, पैसे जातात.

दिवा जरा तिरका धरू. माथ्यावरची पट्टी इथे किंचित खोलगट वाटते. याच जागी आधीची अक्षरं होती.

आता हा तिसरा. याच्या माथ्यावरची रशियन अक्षरं कुणी खरवडलेली नाहीत. आधी चावी फिरवून शटर चढवायचं, वेगाची चकती त्यानंतरच हलवायची. उलटं केलं तर आतली यंत्रणा बिघडू शकते.

चढवलं. एक पंचविसांश सेकंद.

आवाज ऐका.