एस-एच हे जोडाक्षर नाही

पहिली-दुसरीच्या वर्गात हमखास कानावर पडणाऱ्या एका वाक्यापासून सुरुवात करू: "मुलांनो, एस-एच म्हणजे इंग्रजीतलं जोडाक्षर." वाक्य सोपं आहे, मुलांना ओळखीचंही वाटतं. पण पुढची निम्मी भानगड तिथेच सुरू होते.

जोडाक्षरात दोन व्यंजनं एकमेकांना चिकटतात, तरी दोघांचे आवाज शाबूत राहतात. 'स्टॉप' म्हणताना स् आणि ट् दोन्ही ऐकू येतात. 'शिप'मध्ये मात्र स् ऐकू येत नाही आणि ह्-ही नाही. दोन अक्षरं मिळून तिसराच आवाज देतात. याला डायग्राफ म्हणतात: अक्षरं दोन, आवाज एक. याच्या बरोबर उलटा नमुना आपल्याकडे 'क्ष' आहे, चिन्ह एक आणि आवाज दोन. ज्या मुलाला जोडाक्षर म्हणून शिकवलं, ते 'स्हिप' वाचतं. त्यात त्याचं काय चुकलं? त्यानं तुमचाच नियम पाळला.

आपल्या नागपुरात आणखी एक अडचण आहे. मूल एच हे अक्षर रोज पाट्यांवर बघतं. धरमपेठमध्ये टी-एच म्हणजे ठ, सुभाषनगरमध्ये बी-एच म्हणजे भ, झाशी राणी चौकात जे-एच म्हणजे झ. म्हणजे रोमन लिपीतल्या मराठीत एच हा महाप्राणाची, म्हणजे ठ, भ, झ यांसारख्या हवेच्या जोरानं उच्चारायच्या व्यंजनांची, खूण असतो. हजेरीपटातला प्रथमेश स्वतःच्या नावात टी-एच लिहितो तो थ साठी. ही सवय मोडायची नाही, फक्त "नावांचा एच वेगळा, इंग्रजी शब्दांचा वेगळा" हे वर्गात उघड सांगायचं.

आता प्रत्यक्ष पाठ. 'कॅट', 'सिट', 'मॉप' असे तीन आवाजांचे शब्द मूल न अडखळता वाचत असेल तरच सुरुवात करा. रोज १५ मिनिटं, एका डायग्राफला चार-पाच दिवस. पहिला एस-एच घ्या, कारण तो आवाज श्श्श् असा लांबवता येतो. इथे एक खबरदारी घ्या: 'श' म्हणू नका, 'श्' म्हणा. देवनागरीतला अ आपल्या जिभेवर आपोआप येतो, आणि मग मूल श-इ-प जोडून 'शइप' करतं.

पहिला दिवस फक्त कानांचा. 'शॉप, सन, फिश, डिश, बस' म्हणा. श् ऐकू आला की मुलांनी हात वर करायचा. दुसऱ्या दिवशी अक्षरं दाखवा, पण दोन्ही एकाच कार्डावर. दोन वेगळी कार्डं जवळ ठेवली की मूल ती वेगळीच वाचतं. तिसऱ्या दिवशी पाटीवर शेजारीशेजारी तीन चौकोन आखा आणि चिंचोके द्या. 'शिप' म्हणत प्रत्येक आवाजाला एक चिंचोका: श्, इ, प्. अक्षरं चार, चिंचोके तीन. मग चिंचोके काढून त्याच चौकोनांत अक्षरं लिहायची. पहिल्या चौकोनात एस आणि एच दोघं दाटीवाटीनं बसतात. 'स्टॉप'ला मात्र चौथा चौकोन आखावा लागतो. जोडाक्षर आणि डायग्राफ यांतला फरक पाटीवरच दिसतो, व्याख्या पाठ करून घ्यायची गरज उरत नाही.

सी-एच लगेच दुसऱ्या दिवशी आणू नका. मधे आठवडाभर जाऊ द्या, नाहीतर श् आणि च् यांची सरमिसळ होते. यातला च 'चिमणी'तला आहे, 'चाक'मधला नाही. एका चिन्हाचे दोन आवाज मराठी मुलाला नवे नाहीत, त्यामुळे पुढे 'स्कूल'मधला सी-एच वेगळा निघाला तरी ते बिचकत नाही. दोन्ही पक्के झाले की साखळी घ्या: शिप, शॉप, चॉप, चिप, चिन, शिन. दर वेळी एकच आवाज बदलायचा.

टी-एचवर मात्र थांबायला हवं. आपला थ म्हणताना जीभ हवा अडवते आणि एकदम सोडते. तो लांबवता येत नाही. इंग्रजी आवाजात जिभेचं टोक दातांच्या मधे येतं आणि हवा घासत जात राहते. छोटा आरसा द्या, मुलांना मजा येते. 'थिन, थिक, बाथ' आधी. 'धिस, दॅट' नंतर, गळ्यावर हात ठेवून कंप जाणवतो का ते बघत. तरीही एखादं मूल 'थ'च म्हणत राहिलं तर वाचन अडवू नका. 'टिन' आणि 'थिन' त्याला वेगळे वाचता-लिहिता येतात ना, मग आपलं काम झालं. उच्चार सुधारायला अख्खी शाळा पडली आहे.

सी-के शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. 'डक, सॉक, नेक' अशा ऱ्हस्व स्वरानंतर शेवटी येतो. एन-जीसाठी 'गंगा' सावकाश म्हणायला लावा आणि दुसऱ्या ग च्या आधी थांबवा. तिथे नाकात घुमतो तोच आवाज. नाहीतर 'सिंग'च्या शेवटी ग ठोकून बसतो. पी-एच आणि डब्ल्यू-एच दुसरीत चालतील, सोपे शब्दच थोडे आहेत.

इंग्रजी शब्दांवर मराठी अक्षरं लिहून देऊ नका, डोळा तिकडेच जातो.

तपासायला अर्थहीन शब्द वापरा: 'शब', 'चॉब', 'थेप'. पाठांतर इथे कामाला येत नाही. दहापैकी आठ नीट वाचले तर पुढचा डायग्राफ, नाहीतर चिंचोके परत पाटीवर.